शाफ्टचा तोल

१९४२ सालच्या डिसेंबरात आसामातील लेडो या गावापासून ब्रह्मदेशाच्या दिशेने एक लष्करी रस्ता बांधण्यास प्रारंभ झाला. डोंगर, दलदल आणि पावसाचा अखंड मारा यांना तोंड देत तो पुढे सरकत गेला. १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघालेला मोटारींचा पहिला तांडा ४ फेब्रुवारीस चीनमधील कुनमिंग येथे पोहोचला. या रस्त्यावर ज्या वाहनांनी ओझी वाहिली त्यांत जीएमसी या अमेरिकन बनावटीचा, तिन्ही आसांना गती मिळणारा अडीच टनी ट्रक प्रमुख होता. युद्धकाळात या जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. युद्ध संपले आणि असे ट्रक, त्यांच्याबरोबर जीपगाड्या, डॉज, तसेच कॅनडातून आलेले फोर्ड व शेव्हर्ले ट्रक सरकारी विक्रीतून नागरिकांच्या हाती आले. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्याकडे रूढ झाला. पुढे जबलपूरला तयार झालेल्या शक्तिमान, निसान आणि जोंगा या गाड्याही सेवाकाल संपल्यावर याच वाटेने लिलावात आल्या. आज हे लिलाव संगणकावरून होतात एवढाच काय तो फरक.

अशी गाडी घेणारा मनुष्य प्रथम इंजिन पाहतो, मग चाके पाहतो, मग सांगाडा गंजला आहे की काय ते पाहतो. गाडीच्या पोटाखाली वाकून मधला लांब दांडा पाहणारे थोडे. पुष्कळदा गाडीचे सर्व दोष दूर झाल्यावरही ती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाला पोहोचली की कण्हू लागते. पायाखालचा पत्रा थरथरतो, आरसा हलून मागचे दिसेनासे होते. हे कण्हणे पुष्कळदा त्या दांड्याचे असते. त्याचा तोल कसा बिघडतो, तो कसा सांभाळावा आणि न सांभाळल्यास काय ओढवते, हे आज सांगावयाचे आहे.

या दांड्याला कारखान्यातील माणसे 'प्रॉपेलर शाफ्ट' किंवा नुसते 'शाफ्ट' म्हणतात. मीही तोच शब्द वापरीन. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून चाकांच्या आसापर्यंत नेणे हे त्याचे काम. साध्या ट्रकात गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंतच शक्ती न्यावयाची असते. लष्करी ट्रकात मध्ये 'ट्रान्सफर केस' नावाची दुसरी पेटी असते आणि तिच्यातून पुढच्या व मागच्या आसांकडे निरनिराळे शाफ्ट निघतात. आता गिअरपेटी सांगाड्याला जखडलेली असते, आस मात्र पाट्यांवर झुलत असतो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर दोहोंमधील अंतर आणि कोन ही बदलतात. म्हणून शाफ्टला फिरता फिरता वाकता आले पाहिजे आणि लांब-आखूडही होता आले पाहिजे. वाकण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांस सांधे असतात. दोन बेचक्यांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा बसवला की सांधा तयार होतो. बेचक्याला 'योक' आणि या तुकड्याला 'क्रॉस' म्हणतात. क्रॉसची चारही टोके सुयांसारख्या बारीक रोलरांनी भरलेल्या कपांत फिरतात. लांब-आखूड होण्यासाठी दांड्यावर उभे दाते कापून त्यावर तसेच दाते असलेले नळकांडे सरकते ठेवतात. त्याला 'स्प्लाइन' म्हणतात.

या सांध्याच्या अंगी एक गुण आहे. तो समजला नाही तर पुढचे सारे श्रम फुकट जातात. दोन दांडे सरळ रेषेत असले तर एकाची गती दुसऱ्यास जशीच्या तशी मिळते. परंतु त्यांच्यात कोन असला तर तसे घडत नाही. पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे झेपावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर ही चढउतार सुमारे दीड टक्क्याची असते. २० अंशांचा असेल तर सहा टक्क्यांवर जाते. इटलीतील कार्दानो आणि इंग्लंडातील रॉबर्ट हूक या दोघांची नावे या सांध्याला लागली आहेत. त्याच्या या लहरीपणावर उपाय साधा आहे: शाफ्टच्या दुसऱ्या टोकास तसाच दुसरा सांधा बसवावा, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवावेत, आणि शाफ्टवरील दोन्ही बेचकी एकाच पातळीत असावीत. मग पहिला सांधा जेवढी चूक करतो तेवढीच उलट चूक दुसरा करतो आणि आसाला अखेर एकसारखी गती मिळते. परंतु बेचकी एकमेकांशी काटकोनात बसली, तर एका चुकीत दुसरी मिळून ती जवळजवळ दुप्पट होते.

येथेच डिस्पोजलच्या गाड्यांचे पहिले दुखणे आहे. स्प्लाइनवर समजा सोळा दाते असतील, तर नळकांडे सोळा प्रकारे बसू शकते. बेचकी एका पातळीत आणण्याच्या दृष्टीने त्यांतील दोनच प्रकार योग्य, आणि तोलाच्या दृष्टीने त्या दोहोंतीलही एकच. म्हणून कारखान्यात दांडा आणि नळकांडे यांवर समोरासमोर दोन बाण ठोकलेले असतात. चिखल, गंज आणि रंगाच्या थरांखाली हे बाण दिसेनासे होतात. सांधा उघडणारा ते पाहत नाही आणि जोडणारा हाताला येईल तसा जोडतो. काही वर्षांपूर्वी असा एक ट्रक माझ्या पाहण्यात आला. मालकाने थरथर जावी म्हणून टायर बदलले होते, इंजिनाखालचे रबर बदलले होते, नवे क्रॉसही घातले होते. एका वृद्ध मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन तारेच्या ब्रशाने स्प्लाइन घासली, बाण शोधले, आणि दोन दात्यांचा फरक दाखवला. तासाभराच्या कामात थरथर गेली. डिस्पोजलच्या मालात आणखी एक गोष्ट घडते. एका गाडीचा दांडा आणि दुसऱ्या गाडीचे नळकांडे असे जोडपे विक्रेत्याकडे एकत्र येते. त्यांच्यावरील बाण जुळवून काही साधत नाही, कारण ते एकमेकांसाठी ठोकलेलेच नसतात. तेथे बेचकी सपाट फरशीवर ठेवून पातळी जुळवावी लागते आणि तोल नव्याने करावा लागतो.

तेव्हा दुरुस्तीचा आरंभ हत्याराने न करता निदानाने करावा. निदानासाठी थोडे गणित उपयोगी पडते. जीएमसी ट्रकाच्या मागच्या आसात ६.६ ला १ असे दात्यांचे प्रमाण असते, म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट साडेसहाहून अधिक वेळा फिरतो. ताशी ४५ किलोमीटर वेगात चाक सेकंदाला चारहून थोडे अधिक फेरे घेते, तर शाफ्ट सुमारे अठ्ठावीस. टायर वाकडा असेल तर गाडी डुलते वा आपटते. तो ठोका मोजता येतो. शाफ्टचा तोल गेला असेल तर मोजता न येणारा घुमारा ऐकू येतो. सांध्याचा दोष असेल तर तो त्याच्याही दुप्पट बारीक असतो, कारण सांधा एका फेऱ्यात दोनदा चुकतो. दुसरी कसोटी अशी: ज्या वेगाला थरथर येते त्याच वेगाने गाडी चालवून गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलले, गाडीचा वेग तोच राहिला आणि थरथरही तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही, गिअरपेटीच्या पलीकडे आहे. गाडी सुटताना 'खट्' असा आवाज आला तर क्रॉस किंवा स्प्लाइन झिजली आहे असे समजावे. संथ चालीत चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली तर सांध्यात वंगण उरलेले नाही. कपांच्या कडेशी तांबूस भुकटी दिसली तर आतील रोलर कोरडे पडून गंजत आहेत. वर्षानुवर्षे डेपोत एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत तर रोलर क्रॉसच्या अंगात खाचा पाडतात. बाहेरून नवा दिसणारा असा सांधा ओझे पडताच खडखडू लागतो.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी एक इशारा देणे मला अवश्य वाटते, कारण त्याच्या अभावी माणसे जिवास मुकतात. जीपमध्ये आणि जीएमसीसारख्या लष्करी ट्रकांत हातब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागील तोंडाशी असतो. म्हणजे हातब्रेक चाकाला धरतो तो शाफ्टच्या मार्फत. गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडीही शाफ्टच्या मार्फतच थांबते. उतारावर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरून मनुष्य शाफ्टचा शेवटचा बोल्ट काढतो, त्या क्षणी हातब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी होते आणि खाली निजलेल्या माणसावरून जाते. म्हणून काम सपाट जागेवर करावे. चाकांच्या पुढे आणि मागे भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. आणि मगच खाली जावे. घाटात शाफ्ट तुटला तर हातब्रेकही त्याच्याबरोबर जातो, हेही चालकाने ध्यानात ठेवावे. शिवाय पुढचे टोक सुटून जमिनीला लागले तर धावत्या गाडीखाली तो पहारेसारखा रुततो.

शाफ्ट उतरवताना प्रत्येक जोडावर खूण करावी: स्प्लाइनवर, दोन्ही टोकांच्या चकत्यांवर, आणि कोणते तोंड पुढे होते त्यावरही. मग तो स्वच्छ धुवावा. नळीवर वाळलेला चिखल किंवा डांबरी रंगाचा एकेरी थर हेही तोल बिघडवण्यास पुरेसे असतात. मात्र धुताना नळीच्या टोकांशी चिकटवलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील, त्या वेल्डिंगचा मळ समजून छिनीने उडवू नयेत. कारखान्याने तोल साधण्यासाठी बसवलेली ती वजने आहेत. क्रॉस काढताना शेगड्यात धरून दाबाने काढावा. नळीवर घण घालू नये. हातोड्याच्या घावाने बेचक्याचे कान थोडे जरी वाकले तरी समोरासमोरचे कप एका रेषेत राहत नाहीत, आणि नवा क्रॉसही थोड्या दिवसांत खराब होतो. नव्या क्रॉसचे रोलर वंगणात नीट उभे आहेत हे पाहून कप बसवावेत. एक रोलर जरी आडवा पडला तरी कप पूर्ण आत जात नाही. सांधा बोटांनी फिरवून पाहावा. तो सर्व दिशांना सारखाच, किंचित घट्ट, पण कोठेही न अडखळता फिरला पाहिजे.

यानंतर नळीची सरळता तपासावी. लेथवर दोन टोकांमध्ये शाफ्ट धरून डायल गेजने पाहिले असता नळीच्या मध्यावर साधारणपणे ०.४ मिलिमीटरपेक्षा अधिक वाकडेपणा नसावा आणि टोकांशी त्याहून बराच कमी असावा. थोडा बाक असेल तर कुशल कारागीर तो ज्योतीने काढतात. बाकाच्या फुगीर बाजूस एक लहान ठिपका तापवला की थंड होताना तेथील धातू आकसतो आणि नळीला सरळ ओढतो. परंतु नळीला पोचा पडला असेल किंवा पीळ पडला असेल, तर ती सरळ करण्याच्या खटपटीत पडू नये, नळी बदलावी. बदलताना मूळ व्यास आणि मूळ जाडी यांचीच, शाफ्टसाठी बनवलेली पोलादी नळी घ्यावी. आपल्याकडे पाण्याची नळी कापून तेथे बसवण्याचा मोह होतो. तिच्या भिंतीची जाडी सर्वत्र सारखी नसते, म्हणून तिचा तोल जन्मतःच बिघडलेला असतो. आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये जो पिळवटणारा जोर पडतो तो सोसण्यासाठी ती केलेलीच नसते.

नळीच्या लांबीचा प्रश्नही येथेच येतो. डिस्पोजलच्या ट्रकाला मोठी हौद-पेटी बसवण्यासाठी कित्येकांनी सांगाडा लांबवला आणि त्याबरोबर शाफ्टही. प्रत्येक लांब दांड्याला एक घातक गती असते. त्या गतीला तो कितीही तोललेला असला तरी दोरीच्या उडीसारखा मध्यातून बाहेर फेकला जातो. ही गती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. ७५ मिलिमीटर व्यासाची आणि दीड मीटर लांबीची नळी घेतली, तर तिची घातक गती मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास येते, म्हणजे ट्रकाच्या आवाक्याबाहेर. तीच नळी २.२ मीटर केली की हा आकडा अडीच हजारांवर येतो. जीएमसी ट्रक ताशी ७२ किलोमीटर या त्याच्या ठरवून दिलेल्या कमाल वेगाने धावत असताना शाफ्ट सुमारे २७०० फेरे घेत असतो. म्हणजे लांबवलेला शाफ्ट नेमका त्या धोक्यातच फिरतो. अशा वेळी शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंगचा आधार देणे हाच योग्य मार्ग आहे.

हे सारे झाल्यावर तोलाचा विचार करावा. तोल का एवढा महत्त्वाचा, याला एक लहान हिशेब पुरे आहे. नळीच्या पृष्ठभागावर, मध्यापासून चार सेंटिमीटरवर, १० ग्रॅम वजन अधिक आहे असे समजा. शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेत असता ते वजन एक किलोग्रॅमच्या जोराने नळीला बाहेर ओढते. फेरे दुप्पट झाले की हा जोर चौपट होतो; ३००० फेऱ्यांना तो चार किलोग्रॅमवर जातो. आणि हा जोर एकाच दिशेला नसतो. तो सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलत गिअरपेटीच्या बेअरिंगवर आणि तेलाच्या सीलवर आदळतो. ज्या गाड्यांच्या पेट्यांतून पुन्हा पुन्हा तेल गळते, त्यांच्या मालकांनी सील बदलण्यापूर्वी शाफ्टकडे पाहावे.

शाफ्ट दोन सुरीसारख्या धारांवर ठेवला तर जड बाजू आपोआप खाली येते. हा झाला स्थिर तोल. तेवढ्याने भागत नाही. एका टोकास वरची बाजू जड आणि दुसऱ्या टोकास खालची तितकीच जड असेल, तर असा शाफ्ट धारांवर शांत बसतो, परंतु फिरू लागताच नावेसारखा हेलकावे खातो. म्हणून तोल फिरत्या स्थितीत आणि दोन्ही टोकांस स्वतंत्रपणे साधावा लागतो. त्यासाठीच्या यंत्रावर शाफ्ट त्याच्या स्वतःच्या चकत्यांवर बसवून फिरवतात. दोन्ही आधारांचे कंप मोजून कोणत्या टोकास, कोणत्या कोनात, किती वजन हवे हे यंत्र सांगते; मग तेवढी पट्टी तेथे वेल्डिंगने चिकटवतात. वेल्डिंग करताना त्याची परतीची तार नळीलाच जोडावी. ती दूर दुसऱ्या टोकास जोडली तर वीज क्रॉसच्या रोलरांतून जाते आणि त्यांच्या अंगावर बारीक खड्डे पाडते; तोल साधला आणि सांधा गेला, असे होते.

जेथे असे यंत्र जवळपास नाही, तेथे एक जुनी युक्ती चालते. पाण्याच्या रबरी नळीला लावतात तशी होज क्लिप शाफ्टच्या मागील टोकाजवळ आवळावी. नळीवर खडूने चार भाग पाडावेत आणि क्लिपचा स्क्रू आळीपाळीने प्रत्येक भागावर आणून गाडी चालवून पाहावी. ज्या स्थितीत थरथर सर्वांत कमी, ती हलकी बाजू. एका क्लिपने पुरेसा फरक पडला नाही तर दुसरी तेथेच लावावी. दोन्ही स्क्रू एकत्र असता वजन दुप्पट मिळते, १२० अंश दूर नेले की एका क्लिपएवढे राहते, आणि समोरासमोर आणले की शून्य होते. या दोन टोकांमध्ये हवे ते वजन मिळवता येते. ही प्रत्येक चाचणी रस्त्यावर घ्यावी आणि क्लिप सरकवण्यापूर्वी इंजिन बंद करून चाकांना ठोकळे लावावेत. गाडी उचलून, चाके फिरती ठेवून, फिरत्या नळीला खडू लावून पाहण्याची रीत कोठे कोठे आहे. तिच्यात सदऱ्याची बाही अडकण्यास निमिषही पुरत नाही. ती रीत कोणी अनुसरू नये.

शाफ्ट परत बसवताना खुणा जुळवाव्यात आणि दोन्ही सांध्यांचे कोन मोजावेत. पाटे दबले असतील, किंवा बदलून जाड घातले असतील, तर आस फिरतो आणि कोन सारखे राहत नाहीत. मग उत्तम तोललेला शाफ्टही कण्हतो. अशा वेळी पाटे आणि आस यांच्यामध्ये पाचर घालून कोन सुधारावा लागतो. त्यानंतर पुढच्या सर्व काळात करावयाचे काम एवढेच उरते, की सांध्यांना आणि स्प्लाइनला वेळच्या वेळी वंगण द्यावे, आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच दिवशी द्यावे.

मी वर जो क्रम सांगितला तो मुद्दाम सांगितला आहे. आधी निदान, मग खुणा, मग सांधे, मग सरळता, आणि सर्वांत शेवटी तोल. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो. थरथर जाणवली की वजन चिकटवून मोकळे होतात. झिजलेल्या क्रॉसवर किंवा वाकलेल्या नळीवर वजन चिकटवले तर थरथर काही दिवस थांबते, आणि जी सूचना गाडी आपल्याला देत होती ती मात्र बंद होते. सूचना बंद झाली म्हणून कारण नाहीसे होत नाही. ते पुढे एखाद्या चढावर, ओझे भरलेले असताना, सवडीने प्रकट होते. लेडोच्या रस्त्यावर ज्या जातीचे ट्रक गेले, त्यांतील एखादा अजूनही कोणाच्या अंगणात उभा असेल, तर त्याच्या शाफ्टवरील दोन बाण गंजाखाली तसेच असतील. गाडी चालू करण्यापूर्वी ते एकदा घासून पाहावेत.